खानापूर-बेळगाव रोजची ये-जा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: लॅपटॉप कुठला घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलगी सेकंड पीयूसी (म्हणजे बारावी) सायन्स झाली. केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर बेळगावातल्या कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट मिळेल असं दिसतंय, पण मेकॅनिकल, सिव्हिल की कॉम्प्युटर हे नक्की नाही. कुठेच नाही जमलं तर बीसीए. राहणार घरीच, खानापूरजवळच्या गावात, रोज जाऊन-येऊन. महिला संघातून उचल घेऊन तुम्ही ५० हजार बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो गेमिंग लॅपटॉपच घ्या, वरच्या रकमेचे हप्ते करू. पुण्याचा भाचा म्हणतो मॅकबुक घ्या, पाच-सहा वर्षं बघायला नको. आणि तुम्ही विचारताय की या दोघांतलं कुणाचं ऐकू.

मी आधी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतो, आता बरीच वर्षं बेळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे मुलं अभ्यासाला खरोखर काय वापरतात ते बघितलंय, आणि काय मोडून आणतात तेही रोज बघतो. माझं म्हणाल तर सध्या दोघांचंही ऐकू नका, आणि आज काहीच घेऊ नका.

घाई करू नका म्हणतो त्याला कारण आहे. कुठला लॅपटॉप हे सॉफ्टवेअरवर ठरतं, सॉफ्टवेअर ब्रँचवर, आणि ब्रँच अजून काउन्सेलिंगच्या हातात आहे. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या, पहिल्या वर्षी फिजिक्स सायकल नि केमिस्ट्री सायकल असे विषयांचे दोन गट असतात, सेमिस्टर बदललं की अदलाबदल. प्रोग्रॅमिंग आणि कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग दोन्ही कॉलेजच्या लॅबमध्ये करून घेतात. पहिले तीन-चार आठवडे लॅपटॉप नसला म्हणून कुणाचं काही अडत नाही. तेवढ्यात मुलगी सीनियरना आणि लॅबच्या सरांना विचारून येईल: 'तिसऱ्या सेमिस्टरपासून कुठलं सॉफ्टवेअर लागतं, कुठली व्हर्जन, आणि कॉलेजकडे त्याचं लायसन्स आहे का?' एवढ्या उत्तरांवर निम्मं काम होतं. तुम्ही बीसीए हा दुसरा पर्याय ठेवलाय म्हणून तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बीसीएला लागणारा लॅपटॉप आणि मेकॅनिकलला लागणारा लॅपटॉप यांत सहज पंधरा-वीस हजारांचा फरक पडू शकतो.

आता ब्रँचप्रमाणे बघू.

मेकॅनिकल असेल तर सॉलिडवर्क्स, कॅटिया, अ‍ॅन्सिस यांतलं काहीतरी येणार. सिव्हिलला ऑटोकॅड, रेव्हिट, स्टाड, ईटॅब्स. यांतली बहुतेक सगळी फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट मॅकवर थेट चालत नाहीत, आडवाटेने चालवायचे उद्योग पहिल्या वर्षाच्या पोरीच्या गळ्यात घालू नयेत. भाचा खोटं बोलत नाही बरं का. तो कॉम्प्युटर सायन्सचा असणार, आणि त्याच्या कामाला मॅकबुक उत्तमच, बॅटरी तर विचारू नका. पण त्याचं बघून सिव्हिलच्या मुलीला मॅक घेतला तर दुसऱ्या वर्षी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर असाइनमेंट करायची पाळी येते. याच कारणाने स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे नवे पातळ विंडोज लॅपटॉपही या दोन ब्रँचसाठी मी टाळायला सांगतो. दिसायला विंडोजच, पण आतली चिप वेगळ्या घराण्याची, म्हणून इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर त्यावर अडून बसतात.

कॉम्प्युटर सायन्स किंवा त्याच्या नव्या नावांच्या ब्रँच (एआय, डेटा सायन्स वगैरे) असतील तर गंमत उलटी आहे. तिथे लागतं ते जवळपास सगळं फुकट मिळतं: पायथन, जावा, सी चा कंपायलर, मायएसक्यूएल, व्हीएस कोड. 'एआय आहे म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच' असं दुकानात हमखास ऐकवतात. शिकताना लागणारी मॉडेलं गूगल कोलॅबवर, म्हणजे त्यांच्या मशिनवर, फुकटात चालवता येतात. मर्यादा आहेत, पण पदवीच्या प्रोजेक्टला बहुतेक वेळा पुरतं. इथे पैसा रॅमवर घालावा, कारण अँड्रॉइड स्टुडिओ उघडला, बाजूला ब्राउझरच्या वीस खिडक्या असल्या की ८ जीबीचा लॅपटॉप गुडघे टेकतो.

इलेक्ट्रॉनिक्सला मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर लागेल. कॉलेजचं कॅम्पस लायसन्स असलं तर मुलीला घरीही वापरता येतं, म्हणून आधी ते विचारा. नसलं तर ऑक्टेव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर सुरुवातीच्या प्रयोगांना चालतं, मॅटलॅबचे बरेचसे साधे प्रोग्रॅम त्यात तसेच्या तसे पळतात. एफपीजीए (हवी तशी जोडून घेता येणारी चिप) शिकवताना व्हिवाडो नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ते एकटंच डिस्कवर ढीगभर जीबी खातं, म्हणून २५६ जीबीची डिस्क या ब्रँचला नकोच. बीसीए, बीएस्सीला साधा लॅपटॉप भरपूर होतो. बीकॉमवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त व्हाउचरला महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची एवढ्याच तारखा घेतं. शिकायला तेवढं पुरतं, उगाच क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, शोधत बसू नका.

गेमिंग लॅपटॉपबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचे पैसे तिथेच अडकायची भीती आहे. ताकद त्यात असते, नाही म्हणत नाही. पण तो अडीच किलोच्या आसपास, वर विटेएवढा अडॅप्टर. तुमची मुलगी खानापूरहून सकाळच्या गाडीने येणार. ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू होऊन बायकांना तिकीट माफ झालं, चांगलंच झालं, पण कॉलेजच्या वेळेला त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उभ्याने प्रवास, पाठीला दप्तर, मागून रेटा. माझ्याकडे फुटलेले स्क्रीन येतात त्यांतले बरेचसे पडून फुटलेले नसतात, दाबून फुटलेले असतात. दप्तरात लॅपटॉपला लागून जेवणाचा डबा किंवा अडॅप्टर, बाहेरून दाब पडला की त्या टोकाची खूण झाकणावर उमटते आणि आतल्या काचेवर तिथूनच कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पसरलेल्या दिसतात. स्क्रीन बदलायचा खर्च ऐकून पालक खुर्चीत बसतात. म्हणून ये-जा करणाऱ्या मुलीला १४ इंची, दीड किलोच्या आतबाहेरचा लॅपटॉप, आणि दप्तरात पाठीकडच्या बाजूला वेगळा गादीचा कप्पा. डबा हातातल्या पिशवीत.

शिवाय गेमिंगवाला चार्जिंगशिवाय दीड-दोन तासांत मान टाकतो. तुमच्याकडे पावसाळ्यात काय होतं? जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला एक झाड तारेवर पडलं की संध्याकाळ अंधारात जाते. म्हणजे बॅटरी हा तुमच्यासाठी चैनीचा विषय नव्हे. माहितीपत्रकात बॅटरी वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. ५० च्या वरची बघा, ४०-४२ ची असेल तर दुसरं मॉडेल दाखवा म्हणा. आणि टाइप-सी ने चार्ज होणारा घ्या. अडॅप्टर बिघडला तरी दुसरा सहज मिळतो, आणि ६५ वॉटची मोठी पॉवर बँक घेतली तर परीक्षेच्या रात्री लाइट गेली म्हणून रडारड नाही.

मेकॅनिकल किंवा सिव्हिल मिळालं तर ग्राफिक्स कार्ड लागेलच ना, असं तुम्ही विचाराल. मुलांची कॉलेजातली मॉडेलं म्हणजे एखादा स्क्रू जॅक, एखादं दोन मजली घर. हे आजच्या चांगल्या प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर निभावतं, फिरवताना जरा अडखळेल इतकंच. अ‍ॅन्सिसची फुकट मिळणारी स्टुडंट आवृत्ती मुळातच मॉडेल केवढं मोठं असावं यावर मर्यादा घालते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलगी खरोखर डिझाइनकडे वळली आणि मोठ्या असेंब्ली करायला लागली तर मात्र कार्ड उपयोगाचं. पण ते तेव्हा, आणि तेव्हाही कॉलेजची लॅब असतेच.

आता दुकानात गेल्यावर काय वाचायचं ते. 'आय फाइव्ह आहे, रायझन फाइव्ह आहे' एवढ्यावर हो म्हणू नका. दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींवर रायझन ५ चा सारखाच स्टिकर, किंमतीत थोडाच फरक. एकाच्या डब्यावर ७५२०यू, दुसऱ्याच्या ७५३०यू. तिसरा आकडा बघा. २ असेल तर आतली रचना २०१९ च्या काळातली, चार कोअर (म्हणजे काम करणारे चार हात). ३ असेल तर त्याच्या पुढच्या पिढीची, सहा कोअर. वर ७५२०यू वाल्याची रॅम बोर्डलाच जोडलेली असते, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबीच, मी काय कुणीही ती वाढवू शकत नाही. इंटेलमध्ये १२ व्या किंवा १३ व्या पिढीचा आय ५ घ्या, नावाच्या शेवटी यू असला तर बॅटरी जास्त, एच असला तर ताकद जास्त आणि तापणंही जास्त. ज्याच्या नावात नुसता एन आणि पुढे आकडे, तो आय ३ म्हणून विकला तरी इंजिनिअरिंगला नको.

रॅम १६ जीबी. बजेटमध्ये बसत नसेल तर ८ जीबी, पण एक स्लॉट रिकामा असलेला. 'स्लॉट आहे का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर दाखवायला सांगायचं, तोंडी नको. डिस्क ५१२ जीबी एसएसडी. स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस; टीएन पॅनेल असला तर जरा बाजूने बघितलं की रंग उडालेले दिसतात, आणि चार वर्षं डोळे तिचेच जायचेत.

विंडोज ११ आधीच घातलेलं मशिन घ्या. विंडोज नसलेला, 'डॉस'वाला, दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो, त्यावर दुकानदार 'विंडोज, ऑफिस, ऑटोकॅड, अँटिव्हायरस सगळं टाकून देतो' म्हणतो. ते सगळं कसलं असतं हे वेगळं सांगायला नको. क्रॅकबरोबर काय काय आत शिरतं ते माझ्या टेबलावर येतं: सगळ्या फायलींची नावं बदललेली, उघडायला गेलं की पैसे मागणारी चिठ्ठी, आणि व्हायवा परवावर आलेला. अशा वेळी आमच्या हातात फारसं काही नसतं.

आणि चोरीचं घ्यायची गरजच काय? ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी फुकट मिळतात. कॉलेजचं ओळखपत्र किंवा अ‍ॅडमिशनचं पत्र अपलोड करायचं, दरवर्षी नूतनीकरण. कॉलेजने दिलेला ई-मेल आयडी जपा, बऱ्याच सवलती त्यावरच उघडतात. कॉलेजचा मायक्रोसॉफ्टशी करार असेल तर ब्राउझरमधलं वर्ड, एक्सेलही. लॅपटॉपबरोबर ऑफिस येतं म्हणतात तेव्हा ते कायमचं 'होम' आहे की एका वर्षाचं सबस्क्रिप्शन, हे बिल करायच्या आधी विचारा. काहीच नसलं तर लिब्रेऑफिस. रिपोर्ट त्यात छान होतो, फक्त सरांना पाठवताना पीडीएफ करून पाठवायचा, म्हणजे पानं हलत नाहीत. अँटिव्हायरस वेगळा विकत घेऊ नका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवला की बास. पेन ड्राइव्ह मात्र कुणाचाही उघडायच्या आधी स्कॅन.

गावात वायफाय नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच चालायचं असं तुम्ही लिहिलंय. मग दोन गोष्टी. मोठी सॉफ्टवेअर कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्यायची. आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला 'मीटर्ड कनेक्शन' असं चालू करून ठेवायचं. नाहीतर अपडेट गुपचूप उतरतात आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारच्या जेवणाआधी खलास. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना विंडोज ११ होमला इंटरनेट लागतंच, तर ते काम दुकानातच उरकून घ्या, पण मुलीच्या स्वतःच्या ई-मेलवर. दुकानदाराच्या आयडीवर सुरू केलेले लॅपटॉप नंतर पासवर्ड विसरून माझ्याकडे येतात.

आपल्याकडची एक खास गोष्ट. पहिल्या वर्षात तिला कन्नडचा पेपर असणार, कन्नड न येणाऱ्यांना 'बळके कन्नड'. पुढे अर्ज-बिर्जही कन्नडमध्ये लिहावे लागतात, आणि घरचं लिखाण मराठीत. विंडोजमध्ये दोन्ही भाषांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे, फक्त चालू करायचा. आणि गंमत अशी की ज्या कळीवर मराठीत 'क' तिथेच कन्नडमध्येही 'क', अक्षरांची जागा जवळपास सगळी सारखी. एकदा बोटांना मराठी बसली की कन्नड निम्मी आलीच समजा. जुन्या नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा जुन्या मराठी फाँटमध्ये काही लिहू नये, ती फाइल दुसरीकडे उघडली की गिचमिड दिसते. युनिकोडमध्येच लिहायचं.

बीसीए झालं किंवा उचल कमी करायची असली तर जुना, कंपन्यांतून निघालेला लॅपटॉपही वाईट नाही. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिका मजबूत असतात, कीबोर्ड चांगला, भाग मिळतात. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या ८ व्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचा कितीही चकचकीत असला तरी नको. घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा: त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा. बिजागरी चार वेळा उघडझाप करून बघा, करकरली तर हात काढा. आणि बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारा मूळ प्रोग्रॅम) जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, हे डोळ्यांसमोर तपासा.

घरचं वायरिंगही एकदा बघून घ्या. चार्जिंगला लावल्यावर धातूच्या अंगाला हात लावला की बारीक मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर बहुधा प्लगला अर्थिंग नाही. लॅपटॉपच्या नावाने खडे फोडण्याआधी वायरमनला बोलवा, लॅपटॉप वाचेल आणि माणसंही. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू राहिला की ओल धरत नाही. आणि अंथरुणात बसून खाऊन झाल्यावर तो तिथेच नको. कीबोर्डखाली मुंग्यांनी अंडी घातलेली मी काढलेली आहेत.

५० हजारांपैकी सगळे लॅपटॉपवर घालू नका. ४५-४६ पर्यंत मशिन, उरलेल्यात बरं दप्तर, माऊस (ड्रॉइंगला माऊसशिवाय हाल), बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क, आणि जमलं तर पहिल्या वर्षाचं अपघाती नुकसानीचं संरक्षण. गर्दीच्या गाडीत जाणाऱ्या मुलीला मी वाढीव वॉरंटीपेक्षा हे आधी घ्यायला सांगेन. घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी तुमच्या गावाच्या पिन कोडला लागू आहे का ते कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा. नसेल तर बेळगावात सर्व्हिस सेंटर असलेलीच कंपनी निवडा. भाव सारखे हलतात, कॉलेज सुरू व्हायच्या हंगामात विद्यार्थ्यांसाठी ऑफर असतात, ती हुकली तर दसरा-दिवाळीत परत येतात. गेमिंगसाठी हप्ते काढायची तर अजिबात गरज नाही.

ब्रँच नक्की झाली आणि सरांकडून सॉफ्टवेअरची यादी आली की दुकानात जा, पसंत पडलेल्या दोन-तीन डब्यांवरच्या स्टिकरचे फोटो काढा आणि इथेच टाका, बिल मात्र तोवर करू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम आणि बॅटरीचे आकडे फोटोत स्पष्ट दिसले पाहिजेत. दुकान बंद केल्यावर रात्री मी बघतो आणि सांगतो.